जुनी मर्सिडीज डब्ल्यू १२४ घेताना: आधी नंबर, मग वायरिंग, मग पत्रा

"पंच्याण्णवची ई क्लास, सिंगल ओनर, नवीन पेंट, नवीन टायर." अशी जाहिरात दिसली की फोन करण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. टायर बदलता येतात. मालक एक होता की तीन, यापेक्षा गाडी कशी सांभाळली ते महत्त्वाचं. आणि तीस वर्षं जुन्या गाडीवरचा नवा रंग म्हणजे कौतुकाची नव्हे, चौकशीची जागा. तो कशासाठी मारला, हे कळेपर्यंत किमतीवर बोलायचंच नाही.

हा लेख एकाच गाडीबद्दल आहे: मर्सिडीज-बेंझची डब्ल्यू १२४. १९८४ च्या अखेरीस ती जर्मनीत लोकांसमोर आली आणि तिथली सेडान १९९५ पर्यंत बनत होती. महाराष्ट्राशी तिचं नातं थेट आहे. १९९४ मध्ये टेल्कोबरोबरच्या (आजची टाटा मोटर्स) भागीदारीत मर्सिडीजने भारतात कंपनी उभी केली आणि १९९५ पासून पिंपरीत टेल्कोच्या आवारात जी पहिली मर्सिडीज जुळवली गेली ती हीच, ई २२० पेट्रोल आणि ई २५० डी डिझेल या रूपांत. त्यामुळे पुण्या-मुंबईत या गाडीवर हात बसलेले जुने मिस्त्री अजून सापडतात. जुनी जर्मन गाडी पहिल्यांदाच घेणाऱ्यासाठी याहून चांगली निवड नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र चुकीचा नग घेतला तर हीच गाडी खिसा रिकामा करते.

चेहऱ्यावरून वय ओळखू नका

या गाडीचे ढोबळमानाने तीन चेहरे आहेत. सुरुवातीच्या गाड्यांच्या दारांवर फक्त अरुंद रबरी पट्टी असते. १९८९ च्या शरद ऋतूपासून दारांच्या खालच्या भागावर रुंद प्लॅस्टिकची कड आली. १९९३ मध्ये ग्रिल बोनटमध्येच सामावली, मर्सिडीजची चांदणी ग्रिलच्या चौकटीवरून उठून बोनटवर गेली आणि पुढच्या इंडिकेटरची नारिंगी काच पांढरी झाली.

नावही त्याच वर्षी उलटलं. आधी आकडा पुढे आणि अक्षर मागे असायचं: २३० ई, ३०० डी. त्यातला ई म्हणजे फ्युएल इंजेक्शन, जर्मन शब्द 'आइनश्प्रिट्झुंग'चं आद्याक्षर. १९९३ पासून ई पुढे आला आणि तो वर्गाचं नाव झाला: ई २२०, ई २८०. डिकीवर अक्षर कुठल्या बाजूला आहे एवढ्यावरून गाडीचा काळ कळायला हवा. पण बिल्ला दोन स्क्रूंचंही काम नाही, चिकटवलेला असतो. बोनट, ग्रिल आणि दिवे बदलून जुन्या गाडीला नवा चेहरा देणंही सोपं आहे, आणि ते सर्रास होतं.

म्हणून चेसिस नंबर वाचायला शिका. जर्मनीत बनलेल्या, युरोपीय पद्धतीच्या नंबरात आधी डब्ल्यूडीबी ही तीन अक्षरं येतात. पुढचे तीन आकडे मालिका सांगतात, म्हणजे १२४. त्यापुढचे तीन बॉडी आणि इंजिनाचा प्रकार सांगतात. मग एक आकडा स्टिअरिंगचा: १ म्हणजे डावीकडे, २ म्हणजे उजवीकडे. त्यानंतर कारखाना: ए म्हणजे झिंडेलफिंगन, एफ म्हणजे ब्रेमेन. शेवटी सहा आकड्यांचा अनुक्रमांक. अमेरिकेसाठी बनलेल्या गाडीत मधले आकडे जाऊन अक्षरं येतात, त्यामुळे तिथल्या वाचकांनी हे कोष्टक जसंच्या तसं लावू नये.

मधल्या तीन आकड्यांतच सगळी गंमत आहे. १२४.०२३ म्हणजे २३० ई. १२४.०२२ म्हणजे २२० ई किंवा ई २२०. १२४.०३० म्हणजे ३०० ई, १२४.०३२ म्हणजे ३२० ई किंवा ई ३२०. डिझेलमध्ये १२४.१२५ म्हणजे जुनी २५० डी आणि १२४.१२६ म्हणजे मल्टिव्हॉल्व्ह (सिलिंडरमागे चार व्हॉल्व्हची) ई २५० डिझेल. १२४.०३६ दिसला तर सावकाश बघा, ती व्ही-८ इंजिनाची ५०० ई आहे. तिच्या जुळणीचं बरंचसं काम पोर्शेकडे श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझनमध्ये व्हायचं.

आता याचा उपयोग बघा. २३० ई हे मॉडेल १९९२ मध्ये बंद होऊन त्याच्या जागी २२० ई आली. म्हणजे समोरच्या गाडीवर १९९३ चा चेहरा आहे आणि चेसिसमध्ये ०२३ आहे, तर पुढचा भाग नंतर बसवलाय, याबद्दल वाद नाही. हौसेने बदलला की ठोकल्यावर बदलला, हा त्यापुढचा प्रश्न. तसंच स्टिअरिंगचा आकडा १ असून स्टिअरिंग उजवीकडे दिसत असेल तर गाडीचं रूपांतर झालेलं आहे. अशा वेळी डॅशबोर्डमागची फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधली पत्र्याची भिंत, कुठे कापली-जोडली, ब्रेकचा बूस्टर कसा हलवला, हे खोलून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हा नंबर इंजिनामागच्या फायरवॉलवर ठोकलेला असतो. आकडे एका ओळीत, सारख्या खोलीचे हवेत आणि आजूबाजूला घासल्याची किंवा वेल्डिंगची खूण नको. बोनट उघडल्यावर पुढे रेडिएटरच्या वरच्या आडव्या पट्टीवर छोट्या पाट्या रिव्हेट केलेल्या असतात, त्यांत रंगाचा आणि जादा सुविधांचा कोड मिळतो. रंग १४७ म्हणजे आर्क्टिक व्हाइट, ०४० म्हणजे काळा. पाटीवर १४७ आणि गाडी काळी, तर दरवाज्याच्या आतल्या कडा, डिकीतल्या गालिच्याखालचा पत्रा आणि बोनटची आतली बाजू पाहा, पांढरा कुठेतरी सापडतोच. सुविधांपैकी ४१२ म्हणजे विजेवर चालणारं सनरूफ, ४४० क्रूझ कंट्रोल, ५८० एसी, ४८० मागचं सेल्फ-लेव्हलिंग सस्पेन्शन. छतावर सनरूफ आहे आणि पाटीवर ४१२ नाही, तर छप्पर बदललेलं असू शकतं. ही पट्टीच नवी आणि पाट्याविना असेल, तर गाडीने समोरून चांगलाच मार खाल्लाय असं धरा.

इंजिन कुठलं, ते ब्लॉकवर वाचा

इंजिन नंबराचे पहिले सहा आकडे इंजिनाचा प्रकार सांगतात. ई २२० मध्ये १११.९६० हवं, ३०० ई मध्ये १०३.९८३. भारतात डिझेल घेणाऱ्याने इथे जास्त डोळे उघडे ठेवावेत, कारण २५० डीमध्ये दोन वेगळी पाच सिलिंडरची इंजिनं आली: ओएम ६०२ आणि ओएम ६०५. दोन्हींची क्षमता २४९७ सीसी. म्हणजे आरसी बुकावरच्या सीसीवरून काहीच कळत नाही. ब्लॉकवर ६०२.९१२ आहे की ६०५.९११, हेच बघावं लागतं.

फरक मोठा आहे. ओएम ६०२ साधं, सिलिंडरमागे दोन व्हॉल्व्हचं, जवळपास सगळं यांत्रिक आणि दीर्घायुषी. ओएम ६०५ ला सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह, ताकद जास्त, गाडी पळते छान. पण त्याचे ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होण्यासाठी सिलिंडर तापवणारे प्लग) हेडमध्ये जाम होतात आणि काढताना तुटतात. तुटलेला तुकडा काढायला प्रसंगी हेड उतरवावं लागतं. सकाळी स्टार्ट व्हायला त्रास आणि मालक म्हणतो, "एवढे ग्लो प्लग बदलले की झालं," तर ते 'एवढे' किती महाग पडू शकतात याचा हिशोब किमतीत धरा. शिवाय त्याच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या डिझेल नळ्यांच्या टोकांच्या ओ-रिंग (रबरी कड्या) कडक होतात. हवा आत शिरते, गाडी रात्रभर उभी राहिली की डिझेल मागे उतरतं आणि सकाळी खूप सेल्फ मारावा लागतो. इंजिन चालू असताना त्या नळ्यांत सरकणारे बुडबुडे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. ओ-रिंग स्वस्त आहेत, त्यामुळे हा दोष घासाघीस करण्यापुरता.

डिझेलमधली आणखी एक गोष्ट फार कमी लोक तपासतात: इंजिनावरचा व्हॅक्युम पंप. जुन्या प्रकारच्या पंपाचं बेअरिंग फुटलं की गोळ्या टायमिंग चेनच्या भागात पडतात आणि चांगलं इंजिन एका झटक्यात संपतं. पंप कधी बदलला याचं बिल मागा. बिल नसेल तर गाडी घेतल्यावर पहिलं काम तेच. किल्ली बंद केल्यावरही डिझेल इंजिन काही सेकंद चालत राहत असेल, तर घाबरू नका. इंजेक्शन पंपातलं डिझेल व्हॅक्युमच्या जोरावर बंद होतं. कुठलीतरी रबरी नळी किंवा डायफ्राम गळतोय एवढाच त्याचा अर्थ.

पेट्रोलमध्ये १०३ मालिकेच्या सहा सिलिंडरच्या इंजिनांत व्हॉल्व्ह स्टेम सील कडक होतात. उतारावर पाय काढून गाडी सोडली आणि पुन्हा ॲक्सिलरेटर दिला की निळा धूर येतो. हे काम हेड न उतरवता होतं. १०४ मालिकेत हेड गॅस्केट मागच्या उजव्या कोपऱ्यातून ऑइल गाळतं, तिथे टॉर्च मारा.

वायरिंग: सर्वांत महागडी लपलेली गोष्ट

आता जे सांगतो ते ई २२०, ई २८० आणि ई ३२० बघणाऱ्यांनी नीट वाचावं. साधारण १९९२-९३ ते १९९५ या काळातल्या पेट्रोल इंजिनांच्या हार्नेसमध्ये, म्हणजे तारांच्या जुडग्यात, तारांवरचं आवरण असं वापरलं गेलं की इंजिनाच्या उष्णतेने ते वाळतं आणि गळून पडतं. भारतात जुळलेल्या ई २२० नेमक्या याच काळातल्या. बाहेरून काळी जाड नळी अगदी धडधाकट दिसते आणि आत उघडं तांबं उघड्या तांब्याला टेकलेलं असतं. मग आयडल (गाडी उभी असतानाची इंजिनाची गती) वरखाली होतं, पिकअप जातो, गाडी मध्येच दबते, आणि नशीब वाईट असेल तर शॉर्ट होऊन इंजिनाचा संगणकही जळतो. मिस्त्री प्लग बदलतो, सेन्सर बदलतो, पंप बदलतो, आणि मूळ दोष तसाच राहतो.

तपासणी पाच मिनिटांची आहे. इंजिन थंड असताना, विक्रेत्याला विचारून, कुलंटच्या सेन्सरपाशी किंवा इंजेक्टरच्या प्लगपाशी हार्नेसची बाहेरची नळी एखादा सेंटिमीटर मागे सारा. आतली एक बारीक तार दोन बोटांत धरून हलकेच वाकवा. चांगलं आवरण मऊ रबरासारखं वळतं. गेलेलं आवरण पापडासारखं तुटतं आणि रंगीत कण बोटांना लागतात. ओढाताण करू नका, गाडी अजून दुसऱ्याची आहे. मग हार्नेसवर बनवल्याची तारीख असलेला कागदी किंवा प्लॅस्टिकचा टॅग शोधा. तारीख गाडीच्या वर्षाच्या बरीच नंतरची असेल तर हार्नेस बदललाय, आणि ही त्या गाडीच्या बाजूची सर्वांत मोठी गोष्ट आहे. टॅग गायब आणि जागोजागी काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, तर कुणीतरी दुखणं झाकून ठेवलंय. थ्रॉटल ॲक्च्युएटरच्या तारांनाही हाच रोग लागतो, त्यामुळे हार्नेस नवा असला तरी त्याबद्दल वेगळं विचारा.

यापेक्षा जुन्या, केई-जेट्रॉनिक नावाच्या इंजेक्शन पद्धतीच्या गाड्यांत (२३० ई, ३०० ई) ही भानगड नाही. तिथे एबीएसचा दिवा लागलेला आणि आयडल खराब असं एकत्र दिसलं तर आधी बॅटरीमागच्या कप्प्यातला ओव्हरव्होल्टेज रिले (जादा व्होल्टेजपासून इलेक्ट्रॉनिक भाग वाचवणारा) बघा. त्यावर लाल फ्यूज असतो. तो शाबूत असूनही रिलेच्या आतला सोल्डरचा डाग सुटलेला असू शकतो. मोठ्या खर्चाचं भय दाखवून किंमत पाडता येते आणि दुरुस्ती एका रिलेत होते, अशी ही विरळ जागा. तसंच फ्यूजबॉक्समधले लांबट फ्यूज (पांढरा ८ अँपिअर, लाल १६, निळा २५) टोकांना गंजतात. नुसते बोटाने गोल फिरवले तरी बंद पडलेला वायपर किंवा काच पुन्हा चालू होते. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे दरवर्षी करावं.

पत्रा

यंत्र दुरुस्त होतं, पत्रा कुजला की बजेटला अंत राहत नाही. कोकणपट्टीत, मुंबईत किंवा गोव्यात वाढलेली गाडी असेल तर खालून बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका. दारांखाली प्लॅस्टिकची चौकोनी झाकणं असतात, जॅक लावायच्या जागांची. ती काढा आणि आत बोट घाला. माती, ओल आणि पापुद्रे हाताला लागले तर रुंद प्लॅस्टिक पट्टीमागे आणखी गंज आहे. मग पुढच्या मडगार्डची मागची खालची कड, मागच्या चाकांच्या कमानी, मागच्या काचेची खालची किनार, सनरूफची चौकट आणि डिकीतल्या स्टेपनीचा खड्डा.

पेंट मोजायचं यंत्र मिळालं तर आणा. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. ३०० च्या वर आकडा गेला तर तिथे पुन्हा रंग झालाय, आणि त्याहून बराच वर गेला तर खाली पुट्टी आहे. यंत्र नसेल तर फ्रिजवरचं पातळ चुंबक रुमालात गुंडाळून फिरवा. मडगार्डच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर मडगार्ड एकदा तरी उतरलंय.

थंड इंजिन, मग रस्ता

विक्रेत्याला आधीच सांगा की इंजिन थंड हवं. पोचल्यावर बोनटवर हात ठेवा. गरम असेल तर चहा पिऊन या, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी या. स्टार्ट केल्याबरोबर ऑइल प्रेशरचा काटा ३ वर जायला हवा. गरम झाल्यावर आयडलला तो खाली येतो, ते चालतं, पण ॲक्सिलरेटर दिला की लगेच ३ वर चढला पाहिजे. रेंगाळत चढणारा काटा म्हणजे घिसलेलं इंजिन, किंवा क्वचित खराब सेंडर (काट्याला दाब कळवणारा सेन्सर). पाण्याचं तापमान ८० ते ९५ च्या दरम्यान राहावं. एसी लावून वीस मिनिटं ट्रॅफिकमध्ये चालवा. या गाड्यांचा व्हिस्कस फॅन (इंजिनावर फिरणारा रेडिएटरचा पंखा) म्हातारा झाला की तिथेच काटा वर सरकतो.

एसी थंड करत नसेल आणि मालक "फक्त गॅस भरायचाय" म्हणत असेल तर सावध राहा. इव्हॅपोरेटर गळत असेल तर तो काढायला पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. सुटे भाग कमी, मजुरी जास्त.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर पार्किंगमधून रिव्हर्समध्ये टाका. दोन-तीन सेकंद थांबून मग ओढ घेत असेल तर आतले सील थकलेत. धाडकन आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टच्या रबरी डिस्क, गिअरबॉक्सचं माउंट किंवा सबफ्रेमचे बुश पाहा. गिअर बदलताना इंजिन मध्येच मोकळं रेस होणं हे बऱ्याचदा व्हॅक्युमच्या गळतीने होतं आणि सुटतं, पण ऑइलला जळका वास असेल तर नाही. गिअरबॉक्सची डिपस्टिक पांढऱ्या कागदावर पुसा: लालसर हवं. काळपट आणि करपलेलं असेल तर गिअरबॉक्स उघडायच्या खर्चासह किंमत ठरवा.

स्टिअरिंगला मध्यभागी किंचित ढिलेपणा या गाडीचा स्वभाव आहे, दोष नाही. जास्त वाटला तर आधी आयडलर आर्मचे बुश बदला, स्वस्त असतात आणि फरक लगेच जाणवतो. सस्पेन्शनचे सुटे भाग घेताना लेमफोर्डर, झाक्स, बिलश्टाइन अशा मूळ पुरवठादारांचेच घ्या. मागच्या चाकाला एका बाजूला पाच-पाच लिंक आहेत. हलक्या बुशांचा संच वर्षभरात पुन्हा खडखडतो आणि मजुरी दोनदा जाते. सेल्फ-लेव्हलिंग असलेली गाडी मागून दगडासारखी उसळत असेल तर हायड्रॉलिकचे गोळे संपलेत.

ओडोमीटरवर विश्वास ठेवू नका. त्याचे प्लॅस्टिक गिअर झिजतात आणि आकडा वर्षानुवर्षं एकाच जागी थांबतो. त्यापेक्षा ब्रेक पेडलचं रबर, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड आणि स्टिअरिंगची झिलई खरं बोलतात.

कागद

१५ वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांसाठी होतं. नूतनीकरण झालंय का आणि महाराष्ट्रातला पर्यावरण कर भरलाय का, ते आधी बघा. दुसऱ्या राज्यातली गाडी, विशेषतः जुन्या डिझेलवरच्या निर्बंधांमुळे दिल्लीकडून स्वस्तात येणारी, घ्यायची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, कर्जाची नोंद असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५. १९९५ आधीची बाहेरून आणलेली गाडी असेल तर कस्टमच्या बिल ऑफ एंट्रीची प्रत मागा.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी चित्र वेगळं आहे. तिथे पहिल्या नोंदणीला ३० वर्षं झालेली आणि मूळ अवस्थेत राखलेली गाडी 'एच' नंबरप्लेटला पात्र होते. त्यावर वर्षाला सुमारे १९२ युरो ठरीव कर लागतो आणि शहरांतल्या पर्यावरण क्षेत्रांतही फिरता येतं. पण ती गाडी पुढे घरी घेऊन यायचा विचार असेल तर तो सोडा, भारतात तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी सर्वसाधारणपणे आयात करता येत नाही.

व्यवहार ठरला की कागदावर सही करण्याआधी फायरवॉलवरचा चेसिस नंबर पुसून त्यावर पातळ कागद ठेवा आणि पेन्सिल आडवी धरून घासा. उमटलेला ठसा आरसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर, एकेक आकडा असा जुळवून पाहा. इंजिन नंबराचंही तेच. एकही अंक वेगळा निघाला तर बयाणा खिशातच ठेवून परत या.